कोरडा शर्ट

आधी जॉबरनं सिद्धूच्या शर्टाला हात लावला, मग मी लावला. शर्ट कोरडा होता. जॉबर म्हणाला, "बघा, ह्याला अजून दम हाय. बाकीचे निथळायलेत." बाकीच्या आठ जणांचे शर्ट पिळून वाळत घालावेत असे ओले झाले होते. माझ्या पोराच्या शर्टाला घामाचा डाग नव्हता. मी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. त्यानं तो तोंडाला लावला नाही, नुसता धरला आणि परत दिला. मग चेंडू टाकायला गेला. दोन टाकले. तिसऱ्याला हात वर नेला आणि तसाच मातीत पडला.

दुपारचा एक वाजला होता. चैत्रातलं ऊन. टेम्पोत घालून दवाखान्यात नेईपर्यंत त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं. डॉक्टरबाईंनी शर्ट कात्रीनं कापला. कापताना कात्री दोनदा अडकली, कारण छातीवर मी कापड दुहेरी घातलं होतं. संध्याकाळी पाच वाजता सिद्धू गेला. तेवीस वर्षांचा होता.

डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "ह्याचा घाम कधी थांबला?" घाम थांबणं वाईट असतं हे आम्हाला कुठं माहीत होतं? त्या म्हणाल्या, "उन्हात राबणाऱ्या माणसाला घाम यायचा थांबला की तो आतून भाजायला लागतो. कोरडा दिसला तेव्हाच सावलीत झोपवून अंगावर पाणी ओतायला पाहिजे होतं. कुणीच बघितलं नाही का?"

जॉबर म्हणाला, "मी बघितलं."

मी गप्प बसले.

हे आधी लिहून टाकलं. जॉबरचा विषय निघाला की आमच्या गल्लीत कुणीही हीच गोष्ट पहिली सांगतो आणि अर्धी सांगतो. उरलेली अर्धी मला ठाऊक होती. आता बाकीचं लिहिते.

जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. त्याला नाव होतं, पण कारखान्यात कुणी घेत नसे, मीही इथं घेत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका शेडमध्ये तो जॉबर होता आणि मी कांड्या भरायला होते. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसते, ती भरून द्यायची. तीस वर्षं तेच केलं. सिद्धू रांगत होता तेव्हाच नवरा गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

जॉबर दुधनीचा. बायको तिकडंच भावाकडं राहायची. का राहते विचारलं की म्हणायचा, "तिला माझा आवाज सोसत न्हाय." ते खरंच असणार. सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेलं. शेजारी बसलेल्या माणसाशीही तो पलीकडच्या शेडला हाक मारावी तसा बोलायचा. रागावला की कानडीत जायचा, आणि कानडीत तर आणखी मोठ्यानं. डाव्या भुवईवर खोल खाच होती. तरुणपणी मागातून धोटा उडून तिथं बसला होता. ती खाच तो नव्या माणसाला बोट लावून बघायला लावायचा.

त्याला माणसं कपड्यावरून कळायची, तोंडावरून नाही. कुणी भेटलं की रामराम नाही, काही नाही. समोरच्याच्या बाहीचं कापड अंगठा आणि बोटात धरायचं, एकदा चोळायचं आणि निकाल द्यायचा. "वीस नंबरचं सूत हाय. दुकानदारानं चाळीस सांगितलं आसंल." माझा पदर तर त्यानं पहिल्याच दिवशी धरला. मी हातावर फटका मारला. तो म्हणाला, "अक्का, तुमच्यासाठी न्हाय धरला, सुतासाठी धरला." मी म्हटलं, "मग सुताला आधी इचारा." तेव्हापासून तो माझ्या पदराला हात लावण्याआधी "इचारू का?" म्हणायचा. मी हो म्हटलं तरच धरायचा.

एका लग्नात त्यानं नवरदेवाच्या बापाचा कोट चोळला आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाला, "लोकर न्हाय ही, टेरिकॉट हाय." तो कोट लोकरीचा म्हणून मुलीच्या बापाकडून मागून घेतलेला. लग्न तासभर अडलं. दोन्हीकडची माणसं जॉबरला शोधत होती. तो पंक्तीत पहिला बसून जेवत होता.

असल्या माणसाच्या हाती बेसबॉल कसा लागला, तर भंगारातून. कुठल्यातरी शाळेनं खेळाचं जुनं सामान वजनावर विकलं होतं. जॉबर मागासाठी जुना नट शोधायला भंगारवाल्याकडं गेला आणि हातात घालायचे कातड्याचे पंजे बघून थांबला. कातडं बोटात धरून चोळलं. म्हणाला, "एवढं चांगलं कातडं भंगारात?" पोतंच उचलून आणलं. त्यात नऊ पंजे, तीन दांडकी, तोंडावर लावायची एक जाळी आणि एक इंग्रजी पुस्तक. पुस्तक त्यानं जुळे सोलापुरातल्या एका कॉलेजच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. सहा सुट्ट्या त्यात गेल्या. मास्तर पुढं पुढं त्याला बघितलं की आतूनच कडी लावायचे.

पंजे नऊ होते, म्हणून त्यानं नऊ माणसं घेतली. दहावा कुणी आला तर म्हणायचा, "पंजा न्हाय. जा." सगळी पोरं मागावरचीच. अल्ताफ, नरसू आणि बाकीचे. एक पंजा पावासारखा फुगीर होता, तो अल्ताफला दिला, कारण मागं बसून चेंडू झेलायचा तर माणूस रुंद पाहिजे. शेवटी एक पंजा उरला तो कुणाच्याच हातात जाईना. तो उजव्या हातात घालायचा होता. म्हणजे चेंडू डाव्या हातानं फेकणारा माणूस पाहिजे. जॉबर आठवडाभर शेडमधून फिरला, कोण कुठल्या हातानं कांडी बदलतो ते बघत. सगळ्या शेडमध्ये डावखुरी माणसं दोनच निघाली. एक मी. शाळेत चौथीपर्यंत त्या हातावर पट्ट्या खाल्ल्या, तरी डावाच राहिला. आणि दुसरा माझा पोरगा.

जॉबर माझ्याकडं आला. "अक्का, सिद्धूला द्या."

मी म्हटलं, "कशाला? सुट्टीच्या दिवशी झोपू द्या त्याला. बारा बारा तास उभा राहतो."

"मग तुमी या. पंजा डाव्याचा हाय."

पोरं हसली. सिद्धू सगळ्यांत जास्त हसला. त्याच्या हातात पंजा असा बसला की जणू मापानं शिवला होता. मी दिला. मला कुणी जबरदस्ती केली नाही, हे लिहून ठेवते.

चेंडू विकत आणायचा तर मुंबईपुण्याहून. जॉबरनं जुना चेंडू मधोमध कापला. आत सूतच सूत. तो इतका खूश झाला की कापलेला चेंडू घेऊन गल्लीभर फिरला. "आत आपलंच काम हाय की! आपलंच काम, वर कातड्याची टोपी!" मग शेडमधलं वाया गेलेलं सूत ओलं करून मी चेंडू गुंडाळायचे आणि कोपऱ्यावरचा चांभार त्यावर कातडं शिवायचा. माझा चेंडू जरा डावीकडं वळतो असं पोरं म्हणायची. जॉबर म्हणायचा, "वळू दे. गुंडाळणारी डावी, टाकणारा डावा. मारणाऱ्याला आय आठवंल."

सामने एमआयडीसीच्या मागच्या मोकळ्या रानात व्हायचे. दुधनीचा एक संघ होता, जुळे सोलापूरच्या कॉलेजच्या पोरांचा एक, आणखी दोनतीन. बाकी सगळ्यांच्या पाठीमागं कुणी ना कुणी होतं. शाळा, मंडळ, दुकान. आमच्यामागं कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी कागदावर लिहून घेणाऱ्यानं विचारलं, "संघाचं नाव?" जॉबर म्हणाला, "न्हाय." "कुणाचा संघ?" "कुणाचाच न्हाय." तो बिचारा थोडा वेळ पेन धरून बसला आणि त्यानं लिहिलं, स्वतंत्र. तेच नाव पडलं. पाच वर्षं त्याच नावानं खेळले. पहिली दोन वर्षं नुसते हरले. तिसऱ्या वर्षी दुधनीत कप मिळाला. जॉबरनं त्यात नट आणि स्प्रिंगा ठेवल्या.

जिंकायला लागले त्याचं कारण सांगते. शेडमध्ये शंभर माग एकदम चालतात, तिथं तोंडानं बोलून उपयोग नसतो. आम्ही हातानं बोलतो. मुकादम आला तर मिशीवरून बोट फिरवायचं. धागा तुटला तर बोटं मोडायची. बीम संपला, म्हणजे मागावरचं ताण्याचं सूत संपलं, तर दोन्ही मुठी एकमेकीभोवती फिरवायच्या आणि तळवे उघडे करून दाखवायचे. मग माग बंद करायचा. बेसबॉलमध्ये मागं बसलेला आणि चेंडू टाकणारा असेच हातानं बोलतात. पण बाकीच्यांना पाचसहा खुणा येत होत्या. आमच्या पोरांना सगळा संसार हातानं बोलता यायचा. एकदा अल्ताफ न् सिद्धू एवढे हातवारे करत होते की जुळे सोलापूरच्या संघाचा मोठा पोरगा तक्रार घेऊन गेला, हे लोक सारखे बोलतायत म्हणून. पंच म्हणाला, "तोंड तर बंद आहे की त्यांचं." पोरगा घाबरून दांडकं आवळून उभा राहिला आणि बाद झाला. मी अल्ताफला नंतर विचारलं, काय सांगत होतास रे एवढं. तो म्हणाला, "मावशी, मैं पूछ रहा था डब्यात काय आणलंय. उनो बोला शेंगाचटणी, कल की भी, आज की भी."

आता शर्टाचं.

चौथ्या वर्षी आमच्याच भागातले एक शेठ रानात आले. बरोबर पिशवी. पिशवीतून त्यांनी एक शर्ट काढला, पातळ, जाळीजाळीचा, वाऱ्यावर उडेल असा. पाठीवर त्यांच्या कारखान्याचं नाव. म्हणाले, "नऊच्या नऊ देतो. बूट पण देतो. फक्त हे घालायचं."

पोरांचे डोळे मोठे झाले. नरसूनं तर शर्ट अंगाला लावूनही बघितला. जॉबरनं कापड बोटात धरलं, चोळलं आणि परत पिशवीत ठेवलं. म्हणाला, "शेठ, बारा तास तुमचं नाव टॉवेलाच्या काठात इणतो आमी. सुट्टीच्या दिवशी पाठीवर पण घेऊ व्हय?"

शेठ म्हणाले, "मग काय बनियनवर खेळणार?"

"बनियनवर खेळू, न्हायतर उघडं खेळू."

शेठ गेले. नरसू म्हणाला, "मामा, उघडं तुमी खेळा. तुमच्या अंगावर केस हायत." सगळे हसले, पण तोंडं उतरलेली होती. घरी आल्यावर सिद्धू म्हणाला, "अव्वा, तो शर्ट लई हलका व्हता ग."

मला जॉबरचं बोलणं आवडलं होतं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावाचं सूत मीही भरत होते. मी म्हटलं, "फुकटचं कशाला? मी शिवते."

डागी टॉवेल शेडमध्ये स्वस्तात मिळायचे. मी त्यांचे काठ कापून टाकले, कारण काठात मालकाचं नाव होतं, आणि नऊ शर्ट शिवले. जाड, लोकरीसारखे, पांढरे. नरसूला एकदा छातीवर चेंडू लागला होता म्हणून पुढच्या बाजूला कापड दुहेरी घातलं. जॉबरला इतकं आवडलं की तो शर्टाच्या हातशिलाईवरून बोट फिरवत बसला. "अक्का, हे घाम पिणारं कापड हाय. पोरं थंड राहतील." मलाही ते खरं वाटलं. टॉवेल घाम पितो, हे कुणाला खोटं वाटेल? दुसरे संघ आम्हाला टॉवेलवाले म्हणायला लागले. पोरांना राग यायचा. जॉबरला नाही यायचा.

तेव्हापासून त्याची नवी सवय झाली. डाव संपून पोरं बाभळीच्या सावलीत आली की तो एकेकाचा शर्ट बोटात धरून बघायचा. चिंब असेल तर म्हणायचा, "हा दमला, ह्याला बसवा, पाणी द्या." अर्धा ओला असेल तर, "हा अजून चालंल." मागावरचं कापड बघून माग कुठं चुकतोय हे त्याला कळायचं, कधी चुकायचा नाही. माणसाचंही तसंच कळतं असं त्यानं धरलं. आम्हीही धरलं. सूत ओढणाऱ्या माणसांना कोरडं कापड म्हणजे चांगलं कापड. दुसरं काय मनात येणार?

त्या दिवशी सिद्धू रात्रपाळी करून सकाळी आला होता. दोन तास झोपला. जुळे सोलापूरची पोरं गाड्यांवरून उशिरा आली, दहाचा सामना साडेअकराला सुरू झाला. मी कधी बघायला जात नसे. त्या दिवशी गेले, कारण सिद्धू उठताना म्हणाला होता, "डोकं जड हाय." मी त्याला म्हटलं नाही, जाऊ नको. तांब्या घेऊन मागोमाग गेले.

अल्ताफनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. पडण्याआधीच्या डावात सिद्धूनं त्याला खूण केली. दोन्ही मुठी एकमेकीभोवती फिरवल्या आणि तळवे उघडे केले. बीम संपला. अल्ताफला वाटलं, हा मस्करी करतोय. तो हसला आणि चेंडू परत फेकला. हे सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता. त्याला मी म्हटलं, "तू माग बंद करायला जॉबर नव्हतास." दुसरं काय म्हणणार? त्यानं मान हलवली आणि गेला. आता तो पुण्याला असतो.

मातीच्या तिसऱ्या दिवशी माझा भाऊ गावाकडून माणसं घेऊन आला. गल्ली जमली. भावानं जॉबरला खोलीतून ओढून आणलं. बाया म्हणत होत्या, असल्या खुळ्याच्या नादी पोर लावलंच कशाला. भावानं मला सगळ्यांसमोर विचारलं, "अक्का, तू तितं व्हतीस. तू बघितलं न्हाईस व्हय त्याला?"

मी म्हटलं, "जॉबरनं बघितलं. जॉबरनं शर्टाला हात लावला आन् म्हणाला, कोरडा हाय, दम हाय."

ह्यात एक अक्षर खोटं नाही. पण एवढंच बोलले. भाऊ जॉबरकडं वळला. "खरं हाय?"

"खरं हाय."

"आणि कोण व्हतं?"

जॉबर म्हणाला, "कोण न्हाय. मीच."

भावानं त्याच्या थोबाडीत मारली. जॉबरची टोपी गटारात पडली. त्यानं ती काढली, झटकली, आणि ओलीच डोक्यावर घातली. मी उंबऱ्यातून बघत होते. मी आयुष्यभर तोंडावर बोलणारी बाई. मुकादमाला बोलले, दिराला बोलले, एकदा शेठलाही बोलले. त्या दिवशी जीभ उचलली नाही.

त्यानंतर जॉबर बदलला असं लोक म्हणतात. बदलला नाही, एक गोष्ट सोडली. कापडाला हात लावायचा बंद झाला. कुणी भेटलं की हात पाठीमागं बांधायचा. कापडाला हात न लावणारा जॉबर कुठला कारखाना ठेवील? दोन महिन्यांत त्याला काढलं. मग दुसऱ्या एका शेडच्या फाटकावर राखणदार म्हणून बसायला लागला. तिथं कुणाचं कापड बघायचं नसतं, गाडीचा नंबर लिहायचा असतो.

संघ मात्र सोडला नाही. पावसाळा सरल्यावर सामने सुरू झाले तसा आठ पोरं घेऊन रानात गेला. पंच म्हणाला, "नऊ पाहिजेत. आठावर खेळता येत नाही, सामना हरलात असं लिहावं लागेल." जॉबर म्हणाला, "लिवा." सही केली आणि आठ जणांना घेऊन परत आला. पुढच्या सामन्याला परत आठ. परत सही. असे चार सामने. दुसऱ्या संघांची पोरं पहिल्यांदा हसली, मग हसायची थांबली. नरसू वैतागला. "मामा, एक माणूस घ्या की! न्हायतर बंद करा. नुसतं हरायला मी सुट्टी घालवू व्हय?"

"पंजा उलटा हाय," जॉबर म्हणाला. "कुणाला बसतो दाखव."

पाचव्या सामन्याला सहाच जण आले. सहाव्याला जॉबर एकटा गेला, सही करून आला. संघ तिथं संपला. बाकीचे पंजे पोरांनीच वाटून घेतले, कुणी काय केलं माहीत नाही.

उलटा पंजा त्यानं माझ्याकडं आणून दिला. मी म्हटलं, "मला नको." त्यानं खिडकीत ठेवला आणि गेला. बरेच दिवस मी खिडकीकडं बघत नव्हते. मग एकदा चुलीवरून गरम पातेलं उतरवायला फडकं सापडेना, तर तो घातला. कातडं जाड आहे, भाजत नाही. आजही त्यानंच उतरवते. कुणाला ते बरं दिसत नाही. न दिसू दे.

दर सुट्टीला जॉबर माझ्या दारात यायचा. आत येत नसे. उंबऱ्याबाहेर बसायचा, हात मांडीखाली घालून. मी चहा द्यायचे, कप खाली ठेवायचे. कधी फाटकावरच्या गाड्यांचं सांगायचा, कधी नुसताच बसायचा. शेजारणी मला म्हणायच्या, "तुला कसं चालतं ग? आमी आसतो तर दारात उभं केलं नसतं." मी म्हणायचे, "माझं दार हाय." त्यांना वाटायचं, बाई मोठ्या मनाची. खरं तर सांगायचं आजच, असं ठरवायचे आणि चहात साखर घालताना पुढच्या सुट्टीवर ढकलायचे. अशी सात वर्षं गेली.

गेल्या माघात त्याला दवाखान्यात ठेवलं. छाती भरली होती. मागावरच्या माणसांच्या छातीत शेवटी सूतच साठतं. त्याची बायको दुधनीहून आली होती, उशाशी बसली होती. बारीक, गप्प बाई. त्याचा आवाज आता एवढा खाली गेला होता की तिला वाकून ऐकावं लागत होतं. मला बघून ती उठली आणि म्हणाली, "बसा. मी पाणी आणते." सकाळची वेळ होती, खिडकीतून ऊन खाटेवर आलं होतं.

मी स्टुलावर बसले. म्हटलं, "जॉबर, मला बोलायचं हाय."

"बोला की."

"त्या दिवशी शर्टाला मी पण हात लावला व्हता. तुमच्या मागोमाग. मला पण कोरडा लागला. आन् त्याचं अंग तापलेलं व्हतं ते पण हाताला लागलं. म्हटलं, उनानं तापलं आसंल."

तो छताकडं बघत होता. म्हणाला, "ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"तांब्या द्यायच्या आधी तुमी त्येच्या पाठीवरनं हात फिरवला. मग शर्ट दोन बोटांत धरला, माझ्यागत. मी बघत व्हतो."

मी म्हटलं, "मग तवाच का न्हाय बोलला? माझ्या भावानं मारलं तुमाला. गल्लीनं वाळीत टाकल्यागत केलं. सात वर्षं माझ्या दारात येऊन बसला, चकार शब्द न्हाय!"

त्याला खोकला आला. बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "मी बाप न्हवतो त्येचा. मला सोसलं. तुमी आय. तुमच्यावर आणि कशाला टाकू?"

"मग दर सुट्टीला यायचा कशाला?"

"तुमी बोलाल म्हणून. तुमाला बोलायचं व्हतं की. दिसायचं मला. चहात साखर दोनदा घालायचा."

मी त्याला रागानं म्हटलं, "मग सांगायचं की गोड होतोय म्हणून!" तो हसला. हसताना छाती वाजली.

पाणी घेऊन त्याची बायको आली. तिनं त्याला दोन घोट पाजले. मग त्यानं चादरीखालून उजवा हात बाहेर काढला. बोटं काडीसारखी झाली होती. माझ्या पदराकडं बघून म्हणाला, "अक्का, इचारू का?"

मी पदर पुढं केला. त्यानं अंगठा आणि बोटात धरला, एकदा चोळला. त्याच्या बायकोला वाटलं, काही दुखतंय. ती वाकली.

"पॉलिस्टर हाय," तो म्हणाला. "सुती म्हणून दिली आसंल. फसवलं तुमाला."

ती साडी मी सुती म्हणूनच घेतली होती.

पाच दिवसांनी जॉबर गेला. त्याला दुधनीला नेलं. अल्ताफ पुण्याहून आला, नरसू आला, आठांपैकी पाच जण आले. माझा भाऊ आला नाही. मातीला उभी राहून मी पोरांना त्या शर्टाचं सांगितलं. माझ्या हाताचंही सांगितलं. मग घरी येऊन भावाला निरोप धाडला, तेच सांगणारा. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

त्या दुपारी बाभळीखाली सिद्धूच्या शर्टाला दोघांनी हात लावला. त्यातली एक मी आहे.